गर्भाचा राखणदार : डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर

लंडन असो, वॉशिंग्टन असो की मेलबर्न, कोणत्याही मोठ्या प्रसूतिगृहातील डॉक्टरांना एक मराठी वळणाचे आडनाव पाठ असते. ते म्हणजे शिरोडकर. त्यांच्यापैकी बहुतेकांना शिरोडे गाव नकाशावर दाखवता येणार नाही, तरी हा शब्द त्यांच्या पाठ्यपुस्तकात असतो, केसपेपरवर असतो आणि शस्त्रक्रियेच्या यादीतही असतो. एखाद्या माणसाचे नाव क्रियापदासारखे वापरले जावे, असे भाग्य फार थोड्यांना लाभते.

मी हे आडनाव प्रथम ऐकले ते मात्र पुस्तकात नव्हे. आमच्या नात्यातील एका वहिनींचे दोन गर्भ ओळीने पाचव्या महिन्यात गेले. पहिल्या वेळी घरात हळहळ झाली. दुसऱ्या वेळी कुजबुज सुरू झाली. कुणी अमावास्येचे निमित्त काढले, कुणी वखारीवर डबा पोचवायला चालत गेल्याचे, तर कुणी थेट माहेरच्या दोषापर्यंत पोचले. तिसऱ्या खेपेला दिवस गेल्यावर डॉक्टरांनी शिरोडकर टाका घालावा लागेल असे सांगितले. तेव्हा आमच्या काकांनी, हे शिरोडकर डॉक्टर गोव्याहून येणार असतील तर त्यांची फी आधी विचारून घ्या, अशी सूचना केली. सगळे हसले, पण शिरोडकर म्हणजे कोण, हे त्या घरात कुणालाच सांगता येईना. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. जमाखर्चापलीकडचे माझे ज्ञान बेताचेच. तरी हे नाव मनात राहिले आणि जे वाचायला मिळाले ते वाचत गेले. डॉ. शिरोडकर १९७१ सालीच निवर्तले होते, हे तेव्हा कळले.

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडे या गावी झाला. इथे एक खुलासा केला पाहिजे. मराठी वाचकाला शिरोडे म्हटले की वि. स. खांडेकर जिथे शिक्षक होते आणि १९३० साली जिथे मिठाचा सत्याग्रह झाला, ते वेंगुर्ल्याजवळचे शिरोडे आठवते. डॉक्टरांचे शिरोडे ते नव्हे. ते फोंडे तालुक्यातले. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते आणि ते पुढे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राहिले. पणजीत पोर्तुगिजांनी १८४२ साली वैद्यकीय विद्यालयही काढले होते. परंतु विठ्ठलाची वाट त्या बाजूला गेली नाही. त्याचे सुरुवातीचे शिक्षण घाट चढून हुबळीला झाले.

हुबळी त्या काळी मुंबई इलाख्याच्या धारवाड जिल्ह्यात होती, जशी आपली निपाणी त्याच इलाख्याच्या बेळगाव जिल्ह्यात होती. आज हुबळीच्या मुलाला डॉक्टर व्हायचे असेल तर त्याने मुंबईचा विचार करायलाच हवा असे नाही. तेव्हा मात्र इलाख्याची राजधानी मुंबई आणि मोठे वैद्यकीय महाविद्यालयही मुंबईतच. हुबळीहून रेल्वेने जायचे तर लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे अशी वाट. गोव्यात जन्म, कानडी मुलखात शाळा आणि मुंबईत कॉलेज असा हा प्रवास. दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्यात काही परके वाटू नये. आपल्या अंकाच्या कन्नड विभागात हा लेख दिला असता तरी तो तिथे शोभला असता, असे मला वाटते.

मुंबईत त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. १८४५ साली सुरू झालेले हे कॉलेज आणि त्याला जोडलेले सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले जे. जे. १९२३ साली ते एम. बी. बी. एस. झाले. प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग या विषयांत त्यांनी १९२७ साली एम. डी. मिळवली. पुढे इंग्लंडला जाऊन १९३१ साली ते शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजचे फेलो, म्हणजे एफ. आर. सी. एस. झाले. परत आल्यावर जे. जे.मध्ये रुग्णसेवा आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापकपद, असा त्यांचा आयुष्यक्रम ठरून गेला. पदव्यांची ही यादी कोणत्याही चरित्रकोशात मिळेल, म्हणून ती इथेच आवरते. त्यांचे खरे चरित्र एका प्रश्नात आहे.

तो प्रश्न समजायला गर्भाची वाट थोडी जाणून घ्यावी लागते. स्त्रीबीज आणि पुरुषबीज यांचा संयोग गर्भाशयात होतो अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. माझीही होती. प्रत्यक्षात तो होतो गर्भाशयाच्या बाजूला असलेल्या नलिकेत. तेथून तो एका पेशीचा जीव दोनाचे चार, चाराचे आठ असे विभागत, नलिकेतून सरकत तीन-चार दिवसांनी गर्भाशयात येतो. पाचव्या दिवसाच्या सुमारास त्याची आतून पोकळ अशी पिशवी बनते. त्या पिशवीतल्या एका बाजूच्या पेशींपासून पुढे मूल घडते आणि बाहेरच्या थरापासून वार. सहाव्या-सातव्या दिवशी हा इवलासा गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. बीजसंयोगानंतर तीन आठवडे उलटले की हृदयाचे स्पंदन सुरू होते. तीन महिने भरतात तेव्हा गर्भ जेमतेम दोन इंचांचा असतो. पण हात, पाय, बोटे सारे उमटलेले असते.

या वाटेवर गर्भ कुठेही गळू शकतो. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात, त्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या बाबतीत दोष बीजातच असतो. गुणसूत्रांची संख्या कमी-अधिक झालेली असते आणि तो गर्भ मुळात वाढणारच नसतो. तिथे आईने काय खाल्ले, कुठे गेली, किती जिने चढली यांचा काही संबंध नसतो. पण काही स्त्रियांच्या बाबतीत प्रकार निराळा असतो. रुजणे नीट झालेले, वाढ नीट चाललेली, चौथा महिना सरलेला, बाळाची हालचालही जाणवू लागलेली. आणि एके दिवशी विशेष कळा न येता पाण्याची पिशवी खाली उतरते, फुटते आणि जिवंत गर्भ बाहेर येतो. पुढच्या वेळी पुन्हा त्याच सुमारास तेच, आणि त्यानंतरही तेच. आपल्याकडे अशा बाईला पोट न टिकणारी म्हणत. वांझेला निदान एकच शब्द चिकटे. हिला दर वर्षी नवा दोष चिकटे.

अशा स्त्रियांना त्या काळी जगभर दोनच उपाय सांगितले जात. एक म्हणजे अंथरुणावर पडून राहणे, दुसरा म्हणजे संप्रेरकांची औषधे. अमेरिकेत तर १९४०च्या दशकापासून डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम संप्रेरक गर्भ टिकावा म्हणून सर्रास दिले जाऊ लागले होते. शिकागोत १९५३ साली त्याची शिस्तशीर चाचणी झाली, तेव्हा त्याचा काही उपयोग नाही असे दिसून आले. तरीही ते देणे थांबले नाही.

डॉ. शिरोडकरांनी काय केले? त्यांनी अशा स्त्रियांना पुन्हा पुन्हा तपासले. ज्यांचे गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यान जात होते, विश्रांतीने वा संप्रेरकांनी ज्यांना काडीचा गुण येत नव्हता, त्यांच्या गर्भाशयाचे मुख त्यांनी गर्भारपणात वरचेवर पाहिले. गर्भाशयाला आपल्या बायका पिशवी म्हणतात, आणि त्याच्या मुखाला पिशवीचे तोंड. शब्द अगदी चपखल आहे. हे तोंड तीन-चार सेंटिमीटर लांबीची, चिवट तंतूंची नळी असते. तिचे आतले द्वार नऊ महिने घट्ट मिटून राहते आणि बाळंतपणाच्या वेळीच सैल पडते. या स्त्रियांचे ते आतले द्वारच अशक्त आहे, असे शिरोडकरांना दिसले. पूर्वीच्या बाळंतपणात झालेली इजा, पिशवी धुताना तोंड जबरीने रुंद केले जाणे, किंवा जन्मतःच ऊतींचा दुबळेपणा, अशी त्याची कारणे असू शकतात. गर्भाचे वजन वाढत गेले की दाराला ते पेलत नाही. म्हणजे आत राहणारे बाळ चांगले, घर चांगले, अन्नपाणी चांगले. बिघाड फक्त दाराच्या कडीत!

निदान एकदा असे झाले की उपायही त्यातून निघतो. दार सैल असेल तर ते बांधायचे. ऐकायला हे फार सोपे वाटते. पण गर्भार स्त्रीच्या गर्भाशयाच्या मुखाला सुई लावायची, तेही आत जिवंत गर्भ असताना, या कल्पनेने तेव्हाच्या डॉक्टरांच्या अंगावर काटा आला असल्यास नवल नाही. अमेरिकेत लॅश व लॅश यांनी १९५० साली अशा मुखाची दुरुस्ती सांगितली होती; परंतु ती स्त्री गर्भार नसताना करायची होती. शिरोडकरांनी ती चालू गर्भारपणात केली.

त्यांची रीत अशी. योनिमार्गातून पोचून गर्भाशयाच्या मुखावरील आवरणाला पुढच्या बाजूने छेद द्यायचा, मूत्राशय हळूच वर सरकवायचे, मागच्या बाजूलाही तसाच छेद द्यायचा, आणि या आवरणाखालून, आतल्या द्वाराच्या पातळीवर, एक पट्टी सभोवार फिरवून बांधायची. मग आवरण शिवून टाकायचे, म्हणजे पट्टी झाकली जाते. पट्टी कशाची? सुरुवातीला त्यांनी त्या स्त्रीच्याच मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंवर असणाऱ्या चिवट आवरणाची निरुंद पट्टी काढून वापरली. बाहेरचा धागा शरीर स्वीकारील की नाही ही शंका त्यामुळे राहत नसे. पुढे कृत्रिम धाग्याची विणलेली फीत आली आणि मांडीला छेद देण्याची गरज उरली नाही. दिवस भरत आले की टाका कापून नैसर्गिक बाळंतपण होऊ द्यायचे, किंवा तो तसाच ठेवून पोटावरून शस्त्रक्रियेने मूल काढायचे.

या पद्धतीचा त्यांचा निबंध १९५५ साली प्रसिद्ध झाला, तो मद्रासहून निघणाऱ्या ‘दि अँटिसेप्टिक’ या वैद्यकीय मासिकात. मला या गोष्टीचे फार कौतुक वाटते. इंग्लंडमध्ये शिकलेल्या, तिथली मोठी पदवी घेतलेल्या माणसाने आपले सर्वांत महत्त्वाचे काम पहिल्यांदा स्वदेशातल्या मासिकात छापले आणि जगाला ते तिथून शोधून वाचावे लागले. लंडनचे ग्रीन-आर्मिटेज हे गृहस्थ पूर्वी कलकत्त्याला प्राध्यापक होते, त्यामुळे हिंदुस्थानातील कामाकडे पाहण्याची त्यांची नजर तयार होती. त्यांनी ब्राउन यांच्यासह १९५७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये शिरोडकरांच्या नावाने या शस्त्रक्रियेचे अनुभव दिले. १९५८ साली वॉशिंग्टनच्या बार्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील अनुभव मांडले. स्वतः शिरोडकरही परदेशी जाऊन शस्त्रक्रिया करून दाखवीत.

त्याच १९५७ साली मेलबर्नच्या इयन मॅकडोनल्ड यांनी एक सोपी रीत सांगितली. तिच्यात छेद नाही, मूत्राशय सरकवणे नाही. गर्भाशयाच्या मुखाभोवती सुईने चार-पाच ठिकाणी धागा ओवायचा आणि बटव्याची नाडी आवळावी तसा तो आवळायचा. वेळ कमी, रक्तस्राव कमी आणि शेवटी काढायलाही सोपा. साहजिकच ही रीत फार पसरली. शिरोडकरांचा टाका अधिक वर, अगदी आतल्या द्वाराशी बसतो, हा त्याचा फायदा. घालायला आणि काढायला अवघड, हा तोटा. आजही डॉक्टर रुग्ण पाहून दोहोंपैकी एक निवडतात. आपल्याकडे मात्र कोणताही टाका घातला तरी त्याला शिरोडकर टाकाच म्हणण्याची लोकांची सवय आहे. आमच्या वाणिज्याच्या पुस्तकात ज्याला गुडविल म्हणतात ते हेच असावे. फक्त या गुडविलची किंमत कोणत्याही ताळेबंदात मांडलेली नाही.

केवळ या एका टाक्यावरून डॉ. शिरोडकरांना ओळखणे अपुरे होईल. पहिले मूल होण्याआधीच किंवा ऐन तरुण वयात ज्यांचे अंग बाहेर येते, अशा स्त्रियांसाठी त्यांनी एक निराळी शस्त्रक्रिया बसवली. अशा वेळी गर्भाशय काढून टाकणे सोपे असते, पण मग मूल होण्याची आशा संपते. शिरोडकरांनी गर्भाशय न काढता, झोळीसारख्या पट्टीने ते मागे कण्याच्या खालच्या हाडाला टांगले. तिलाही त्यांचेच नाव आहे. दुसरे काम बंद झालेल्या गर्भनलिकांचे. वर सांगितल्याप्रमाणे बीजसंयोग नलिकेत होतो, तेव्हा नलिकाच बुजली तर गर्भ राहणे अशक्य. आपल्या देशात क्षयरोगाने नलिका बुजण्याचे प्रमाण लक्षात घेण्याजोगे आहे, आणि कित्येकदा त्या स्त्रीला आपल्याला क्षय होता हे ठाऊकही नसते. शिरोडकरांनी अशा नलिका शस्त्रक्रियेने मोकळ्या करण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे केले आणि त्यांचे अनुभव लिहून ठेवले. हे काम टाक्यासारखे फळले नाही. नलिका उघडली तरी तिच्या आतले नाजूक अस्तर एकदा खराब झाले की ते परत येत नाही, आणि क्षयाने बिघडलेल्या नलिकेत तर फार कमी आशा असते. १९६० साली त्यांनी आपला अनुभव एका इंग्रजी ग्रंथात एकत्र केला.

आता एक गोष्ट वरवर विसंगत वाटेल. गर्भ टिकवण्यासाठी धडपडणारा हा माणूस १९४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कुटुंबनियोजन संघाच्या संस्थापकांपैकी एक होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ सालापासून याच मुंबईत संततिनियमनासाठी जो छळ सोसला, तो आपल्याला ठाऊक आहे. त्या वातावरणात एका प्रतिष्ठित प्राध्यापकाने या कार्याला नाव देणे ही लहान गोष्ट नव्हती. मला यात विसंगती दिसत नाही. सातवे बाळंतपण नको असलेली बाई आणि एक तरी मूल जगावे म्हणून नवस करणारी बाई, दोघी एकाच रांगेत बसलेल्या ज्याने रोज पाहिल्या, त्याला दोघींचेही म्हणणे पटले असणार.

सरकारने १९६० साली त्यांना पद्मभूषण दिले. १९७१ साली पद्मविभूषण दिले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ७ मार्च १९७१ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ते वारले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी एक भयंकर गोष्ट जगापुढे आणली. वर उल्लेखिलेले डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल ज्या स्त्रियांनी गर्भारपणात घेतले होते, त्यांच्या मुलींना तरुणपणीच योनीचा दुर्मीळ कर्करोग होत होता. दोन्ही उपाय साधारण एकाच काळातले. हेतू दोहोंचा एकच होता, गर्भ टिकवणे. एक सरसकट सर्वांना दिला गेला. दुसरा नेमका दोष पाहून, नेमक्या जागी केला गेला.

तथापि शिरोडकरांचा टाकाही पुढे सरसकट घातला जाऊ लागला, हे सांगितले नाही तर चरित्र एकतर्फी होईल. एकदा गर्भ गेला, घाला टाका. जुळी आहेत, घाला टाका. मूल फार नवसाचे आहे, घाला टाका, असे होऊ लागले. मुळात शिरोडकरांचा आधार स्वतःच्या रुग्णांचा अनुभव हा होता. टाका न घालता त्यांतल्या कितीजणींचे मूल जगले असते, हे त्यावरून कळत नव्हते. ती तपासणी पुढे ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांत झाली आणि १९९३ साली तिचा निकाल आला. १२९२ स्त्रियांपैकी कोणाला टाका घालायचा आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते. टाका घातलेल्यांपैकी १३ टक्के स्त्रिया ३३ आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या. न घातलेल्यांपैकी १७ टक्के. म्हणजे साधारण पंचवीस टाक्यांमागे एका बाळंतपणाला फायदा. हा आकडा वाचून मी थोडी खट्टू झाले. पण त्याच निकालात आणखी एक ओळ होती. ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा असा प्रसंग आला होता, त्यांच्यात हे प्रमाण ३२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले होते. आणि शिरोडकरांचा निबंध तर वारंवार गर्भ गमावणाऱ्या स्त्रियांविषयीच होता. आता अल्ट्रासाउंडवर गर्भाशयाच्या मुखाची लांबी मोजता येते. पूर्वी अपुऱ्या दिवसांची बाळंत झालेल्या स्त्रीच्या मुखाची लांबी चोवीस आठवड्यांच्या आत २५ मिलिमीटरहून कमी भरली, तर टाक्याचा विचार करतात. नुसती जुळी आहेत एवढ्यावरून टाका घालण्याचा उपयोग दिसलेला नाही.

शिरोडकरांच्या निधनानंतर सात वर्षांनी, २५ जुलै १९७८ रोजी, इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन जन्मली. बुजलेली नलिका उघडत बसण्याऐवजी तिला वळसा घालून, बीजसंयोग शरीराबाहेर काचेच्या बशीत करून गर्भ थेट गर्भाशयात ठेवायचा, हा मार्ग खुला झाला. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने एक मुलगी जन्मली. त्यांना मात्र सरकारी चौकशी आणि अविश्वास पदरी आला आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या उपचाराने हर्षा जन्मली. शिरोडकरांनी नलिकांसाठी जी खटपट केली तिची गरज यामुळे पुष्कळ कमी झाली. टाक्याची गरज मात्र संपली नाही. गर्भ नलिकेतून येवो की काचेच्या बशीतून, पुढचे नऊ महिने तो त्याच पिशवीत राहतो आणि तिचे तोंड मिटलेले असावे लागते.

आज कोल्हापूर-बेळगाव रस्त्याने जाताना वंध्यत्व उपचारांच्या मोठमोठ्या पाट्या दिसतात. त्यांवर यशाची टक्केवारी असते. टक्केवारी पाहिली की वाणिज्यच्या विद्यार्थ्याने अंश कोणता आणि छेद कोणता हे विचारले पाहिजे. ज्यांनी उपचार सुरू केले त्या साऱ्या जणी छेदात आहेत, की ज्यांच्या गर्भाशयात गर्भ ठेवण्यापर्यंत मजल गेली तेवढ्याच? आणि यश कशाला म्हणायचे? चाचणी होकारार्थी येणे, सहाव्या-सातव्या आठवड्यात हृदयाचे ठोके दिसणे, की मूल घरी येणे? या तीन टप्प्यांवर तीन वेगळे आकडे निघतात आणि दर टप्प्याला आकडा खाली येतो. पाचव्या दिवसाचा सुरेख वाढलेला गर्भ ठेवला तरी तो रुजेलच असे नाही. रुजला तरी टिकेलच असे नाही. टिकला तरी पाचव्या महिन्यात दार उघडणार नाही याची हमी प्रयोगशाळेतल्या बशीला देता येत नाही. टाक्याच्या खात्यातही असा घोळ होऊ शकतो. वर दिलेली टक्केवारीही ३३ आठवड्यांच्या आतल्या बाळंतपणांची होती, जिवंत मुलांची नव्हे.

आमच्या वहिनींना चौदाव्या आठवड्यात टाका घातला. दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. पुढे दर पंधरवड्याला तपासणी होई आणि तेवढे दिवस घरात पाचव्या महिन्याचे नाव कुणी काढत नसे. सदतिसाव्या आठवड्यात डॉक्टरांनी टाका काढला. त्याला दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत, असे वहिनी सांगतात. चार दिवसांनी मुलगी झाली. काकांना आता शिरोडकर कोण होते ते ठाऊक आहे. बारशाला आलेल्या पाहुण्यांना फोंडे तालुक्यातले शिरोडे आणि खांडेकरांचे शिरोडे यांतला फरक तेच समजावून सांगत होते.